वाचकांचे प्रश्न : पेट्रोलवर चालणारी गोल्फ कार्ट

नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हटले की त्र्यंबक रस्त्याजवळचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवते, आणि तेथे खेळले जाते ते क्रिकेट. गोल्फची गाडी मात्र शहराबाहेरच्या द्राक्षबागांत, वायनरींत, कृषी पर्यटन केंद्रांत आणि इगतपुरीकडच्या रिसॉर्टांत चांगलीच रुळली आहे. त्यांतील बहुतेक गाड्या बॅटरीवरच्या आहेत. तरी वापरलेल्या स्थितीत विकत घेतलेल्या पेट्रोलच्या गाड्याही काही आवारांत फिरतात, आणि आपल्याकडच्या गॅरेजांना त्यांची फारशी सवय नसल्याने साध्या बिघाडासाठीही इंजिन उघडण्याचा सल्ला दिला जातो. या अंकात त्याच गाड्यांविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (गिरणारे) : आमच्या द्राक्षबागेत पाहुण्यांना फिरवण्यासाठी चार आसनी पेट्रोल कार्ट आहे. सकाळी ती पेडल दाबताच सुरू होते. दहा-बारा मिनिटे चालल्यावर, विशेषतः शेततळ्याकडच्या चढावर, ती अडखळू लागते आणि बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. प्लग आणि एअर फिल्टर नवीन घातले, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. आता मेकॅनिक म्हणतात की इंजिन खोलून रिंग-पिस्टन पाहावे लागतील. खोलावे का?

उत्तर : इतक्यात खोलू नये. रिंगा झिजून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) गेलेले इंजिन सकाळी थंड असताना इतक्या सहज सुरू होत नाही, आणि झिजलेली रिंग अर्ध्या तासाच्या विश्रांतीने बरी होत नाही. आपल्या पत्रावरून दिसते ते असे की आजवरची सगळी दुरुस्ती गाडी गॅरेजात थंड उभी असताना, म्हणजे बिघाड निघून गेल्यानंतर झालेली आहे. असा येऊन-जाऊन असणारा दोष तो हजर असतानाच पकडावा लागतो. म्हणून प्लग काढण्याचा पाना, एक ठिणगी-परीक्षक आणि पेट्रोल धरण्यासाठी झाकणाची स्वच्छ बाटली गाडीतच ठेवावी आणि गाडी जेथे बंद पडेल तेथेच, पुढच्या चाकांना दगड लावून व गिअर न्यूट्रलमध्ये टाकून, पुढील तपासणी करावी.

पहिली तपासणी फुकट आहे. इंजिन बंद पडताच पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल करावे. आत हवा ओढली जाण्याचा ‘सूं’ असा आवाज आला आणि त्यानंतर मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर झाकणातील हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजलेले आहे, असे समजावे. पेट्रोल जसजसे खर्च होते तसतशी टाकीत पोकळी वाढत जाते आणि पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते. उभ्या गाडीत तीच पोकळी हळूहळू भरून येते. दहा मिनिटांत बंद पडून अर्ध्या तासात सुरू होण्याची जी लय आपण लिहिली आहे, ती या कारणाशी नेमकी जुळते. छाटणीनंतरच्या दिवसांत आणि उन्हाळ्यात बागेतील कच्च्या रस्त्यांवर जी मऊ माती उडते, ती या छिद्रात हमखास बसते.

झाकणाने फरक पडला नाही, तर ठिणगी नाही की पेट्रोल नाही, एवढा एकच प्रश्न आधी सोडवावा. प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही; ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर बहुधा ठिणगी मिळत नाही. त्यानंतर प्लगची टोपी ठिणगी-परीक्षकाला जोडून सहकाऱ्याला पेडल दाबायला सांगावे. परीक्षक प्लगच्या उघड्या छिद्रापासून शक्य तितका लांब ठेवावा, कारण त्या छिद्रातून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर फेकली जाते. प्लग हातात धरून ठिणगी पाहण्याची जी जुनी सवय आहे, ती येथे सोडून द्यावी.

ठिणगी गरम इंजिनावर नाहीशी होत असेल आणि थंड झाल्यावर परतत असेल, तर इग्निशन कॉइल किंवा तिला इशारा देणारे इलेक्ट्रॉनिक युनिट तापल्यावर साथ सोडते आहे. कॉइलच्या आतील बारीक तारेचे वेटोळे गरम झाल्यावर प्रसरण पावते आणि तुटलेली जागा उघडी पडते. थंडपणी ती जागा पुन्हा टेकते. म्हणूनच अशा कॉइलचा रोध गॅरेजात मोजला तर तो अगदी बरोबर भरतो. मात्र नवी कॉइल आणण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. बहुतेक बनावटींत इंजिन बंद करणारी एक तार असते. ती गाडीच्या सांगाड्याला टेकली की ठिणगी थांबते. या तारेचे आवरण गरम सायलेन्सरजवळ वितळले असेल, तर गाडी हादऱ्याने किंवा उष्णतेने आपोआप बंद पडते. तपासणीपुरती ती तार इग्निशन युनिटकडून सुटी करावी. ठिणगी परत आली तर दोष तारेत, किल्लीत किंवा पेडलच्या स्विचमध्ये आहे, कॉइलमध्ये नाही. तार सुटी असताना पेडल सोडून इंजिन बंद होणार नाही, हे ध्यानात ठेवून ती लगेच परत जोडावी.

ठिणगी ठीक असेल तर पंपाकडे वळावे. या गाड्यांत पंपाला वीज लागत नाही. इंजिनाच्या क्रॅंककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या तेलाच्या बंद पेटीत, पिस्टनच्या वर-खाली जाण्याने हवेचा जो दाब कमी-जास्त होतो, त्याच्या ठोक्यांवर पंपातील रबरी पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे ढकलले जाते. पंपाला तीन नळ्या असतात : टाकीकडून येणारी, कार्बोरेटरकडे जाणारी आणि क्रॅंककेसकडून ठोके आणणारी. ही तिसरी नळी मेकॅनिकच्या नजरेतून सुटते, कारण तिच्यात पेट्रोल नसते आणि ती गळतानाही दिसत नाही. तिला बारीक चीर गेली की थंड इंजिनावर, सपाट रस्त्यावर गाडी चालते. रबर तापून मऊ झाले आणि चढावर जास्त पेट्रोल लागू लागले की पंप कमी पडतो. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडावी आणि ठिणगीपासून दूर राहून इंजिन फिरवावे. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आले पाहिजे. नुसते पाझरत असेल तर तिन्ही नळ्या बदलाव्यात आणि त्यानंतर पंपाचा विचार करावा. जुन्या नळीचे आतले अस्तर सुटून ओढीबरोबर आत कोसळते आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते, असेही पुष्कळदा आढळते, म्हणून पंधरा वर्षे जुन्या नळ्यांवर विश्वास टाकू नये.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर इंजिन का तापते ते पाहावे. हे इंजिन हवेने थंड होते; त्यावरील पत्र्याच्या आवरणाखाली पंखा असतो आणि त्याची हवा सिलिंडरच्या पाकळ्यांमधून जाते. शेतातील गाडीत आवरणाखाली उंदराचे घरटे, पालापाचोळा किंवा तेलात मुरलेली माती सापडणे यात नवल नाही. आवरण काढून पाकळ्या ब्रशने साफ कराव्यात आणि आवरण परत लावल्याशिवाय गाडी चालवू नये, कारण त्याच्याविना हवा सिलिंडरकडे वळतच नाही. व्हॉल्व्हची फट फार कमी झाली असेल, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळते. ही फट थंड इंजिनावर, आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतील मापानेच लावावी. रिंग-पिस्टनचा क्रम यानंतरचा आहे.

प्रश्न (इगतपुरी) : रिसॉर्टमधील कार्टचे पेडल दाबले की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. धक्का देऊन सुरू करता येईल का? नवी बॅटरी घालूनही दोन महिन्यांत पुन्हा तेच झाले.

उत्तर : धक्का देऊन ही गाडी सुरू होत नाही. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये पट्टा व केंद्रोत्सारी क्लच असतो, आणि इंजिन फिरू लागल्याशिवाय तो पकड घेत नाही.

‘टक्’ हा आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे बॅटरीची वीज स्टार्टरकडे सोडणाऱ्या विद्युत-स्विचचा आहे. म्हणजे किल्ली आणि पेडलचा स्विच आपले काम करीत आहेत. मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावावा. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. पेडल दाबल्यावर आकडा १० च्या खाली कोसळला तर बॅटरी रिकामी किंवा निकामी आहे. आकडा फारसा हललाच नाही, तर वीज पुढे जातच नाही. अशा वेळी सोलेनॉइडच्या जाड तारांच्या दोन बोल्टांवर मीटर धरून पुन्हा पेडल दाबावे. तेथे जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसले तर सोलेनॉइडचे आतील संपर्क जळालेले आहेत. तेथे काहीच दिसले नाही तर तारांची टोके आणि सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार तपासावी. इगतपुरीच्या पावसात हिरवट गंज चढायला एक मोसम पुरतो.

नवी बॅटरी दोन महिन्यांत उतरण्यामागे मात्र वेगळे कारण दिसते. या गाड्यांत इंजिन फिरवणारा स्टार्टर आणि बॅटरी भरणारा जनरेटर हे एकच यंत्र असते आणि ते पट्ट्याने इंजिनाला जोडलेले असते. गाडी थांबली की इंजिन बंद होते आणि पेडल दाबताच स्टार्टर पुन्हा ते फिरवतो. स्वागतकक्षापासून खोल्यांपर्यंत शंभर-दोनशे मीटरच्या फेऱ्या आणि वाटेत चार थांबे, अशा वापरात सुरू करण्यासाठी जेवढी वीज खर्च होते तेवढी परत भरायला वेळच मिळत नाही. आधी पट्ट्याचा ताण पाहावा. सुरू होताना पट्टा किंचाळत असेल तर तो घसरतो आहे. मग गाडी वेगात चालवून मीटर पाहावा, आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. चढत असेल तर यंत्रात दोष नाही आणि आठवड्यातून एक रात्र बाहेरचा चार्जर लावणे हाच उपाय आहे. चढत नसेल तर जनरेटरचे ब्रश आणि व्होल्टेज रेग्युलेटर तपासून घ्यावेत. अडचणीच्या वेळी ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरी-संचावरून मात्र वीज घेऊ नये.

प्रश्न (गंगापूर रोड) : पेडलवरून पाय काढला की सायलेन्सरमधून फटाक्यासारखा बार होतो. पाहुणे दचकतात. इंजिनाला धोका आहे का?

उत्तर : इंजिनाला तातडीचा धोका नाही, पण सायलेन्सर फाटू शकतो. पाय काढताच ठिणगी बंद होते, तरी इंजिन क्षणभर फिरत राहते. त्या वेळी कार्बोरेटरची झडप पूर्ण मिटलेली नसेल तर न जळालेले पेट्रोल थेट तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते. उपाय जुळणीचा आहे. पेडल सुटताना आधी झडप मिटली पाहिजे आणि त्यानंतर स्विचने ठिणगी तोडली पाहिजे. केबल ताणलेली, गंजलेली किंवा चुकीची लावलेली असेल तर हा क्रम उलटतो. केबलला तेल देऊन पुस्तिकेप्रमाणे तिची ढील लावावी. सायलेन्सरच्या जोडाचे गॅस्केटही पाहावे, कारण तेथून बाहेरची हवा आत ओढली गेली की स्फोटाला हवे तेवढे प्राणवायूचे मिश्रण तयार होते. चालकांना पेडल एकदम न सोडता हळू सोडायला सांगितल्यानेही बार कमी होतात, परंतु ती दुरुस्ती नव्हे.

प्रश्न (दिंडोरी) : जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी होती. दसऱ्याला काढली तर सुरूच होईना. चोक ओढल्यावर कशीबशी चालते आणि चोक सोडताच बंद पडते. पेट्रोल टाकीत अर्धे होते, ते तसेच वापरले. पेट्रोल खराब होते का?

उत्तर : होते, आणि पूर्वीपेक्षा लवकर होते. देशात २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट २०२५-२६ वर आणले गेले आणि २०२५ मध्येच ते गाठले गेले. त्यामुळे पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण मोठे असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. अर्ध्या रिकाम्या टाकीत चार महिने पावसाळी हवा खेळत राहिली की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करणे भाग आहे. त्यात वरून नवे पेट्रोल ओतून भागत नाही.

चोक ओढल्यावरच गाडी चालते, यावरून कार्बोरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे, बुजलेले आहेत हे कळते. चोक हवा कमी करतो, म्हणून अपुरे पेट्रोलही पुरेसे भासते. कार्बोरेटर खोलून बारीक जेट उजेडाकडे धरून पाहावेत. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. ते तारेने किंवा सुईने कोरू नये, कारण पितळेचे छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा एवढेच वापरावे, आणि पाठोपाठ पेट्रोलचा फिल्टर बदलावा. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पडदे इथेनॉल नसलेल्या किंवा अल्प असलेल्या इंधनासाठी बनवलेले असल्याने, बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचेच मागावेत.

पुढच्या पावसाळ्याआधी टाकी रिकामी करावी, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तीही कोरडी करावी आणि बॅटरीची एक तार सोडावी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गाडी दोन मिनिटे सुरू करून ठेवण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती मला पटत नाही. तेवढ्यात इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि बॅटरी भरण्याऐवजी उतरते.

प्रश्न (निफाड) : थंडीत सकाळी गाडी सुरू होण्यास फार वेळ लागतो. दुपारी काहीच त्रास नसतो.

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि चोकची गरज असते. चोकची केबल ओढल्यावर झडप खरोखर मिटते का, हे एअर फिल्टरची नळी काढून डोळ्यांनी पाहावे. प्लगची फट वापराने वाढलेली असेल तर ती पुस्तिकेतील मापावर, साधारणपणे ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणावी. इंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण आत ढकलला गेला पाहिजे; तो अर्धवट राहिला तर प्लगवर कोरडी काळी काजळी धरते, आणि मग दुपारीही त्रास सुरू होतो.

प्रश्न (ओझर) : आमची कार्ट फारच हळू चालते. गव्हर्नरची (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग बदलून वेग वाढवून देतो, असे एकजण म्हणतो. करावे का? मग ती गावात बाजारालाही नेता येईल.

उत्तर : करू नये. ही गाडी कारखान्यातूनच ताशी साधारण १९ ते २४ किलोमीटर वेगाला बांधलेली असते. तिचे ब्रेक बहुतेक बनावटींत फक्त मागच्या चाकांना असतात आणि रुंदीच्या मानाने तिचा गुरुत्वमध्य उंच असतो. वळणावर ती उलटायला वेग फारसा लागत नाही. पूर्वी बरी चालणारी गाडी अलीकडे मंद झाली असेल, तर ती बाब वेगळी. तेव्हा ड्राइव्ह बेल्ट झिजून अरुंद झाला आहे का, ब्रेक चिकटून राहतात का आणि पेडल पूर्ण दाबल्यावर कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का, हे पाहावे. स्टार्टरचा पट्टा सातपूर किंवा अंबडच्या दुकानात मापाने जुळवता येईल. ड्राइव्ह बेल्ट मात्र मूळ क्रमांकाचाच घ्यावा, कारण त्याची रुंदी आणि बाजूचा कोन यांवरच गाडीचा वेग ठरतो.

बाजाराचे म्हणाल तर, मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येतून केवळ बंदिस्त आवारात वापरायची खास बनावटीची वाहने वगळली आहेत. ती फाटकाबाहेर आली की कलम ३९ प्रमाणे नोंदणीचा प्रश्न उभा राहतो, आणि अपघात झाल्यास विम्याचाही.

प्रश्न (त्र्यंबकेश्वर रस्ता) : सर्व्हिसिंगनंतर निळसर धूर येऊ लागला आणि एअर फिल्टर तेलाने भिजलेला दिसतो. तेल नुकतेच बदलले आहे.

उत्तर : तेल जास्त भरले गेले असावे. या इंजिनांत तेल साधारण लिटरभर किंवा त्याच्या आसपासच मावते. मोटारीच्या सवयीने मोठा डबा ओतला की जादा तेल क्रॅंककेसमधील हवा बाहेर सोडणाऱ्या श्वसननळीतून एअर फिल्टरमध्ये आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी तेल मोजण्याची पट्टी पाहावी आणि जादा तेल काढून टाकावे. फिल्टर बदलावा, तो धुऊन वाळवू नये.

पट्टीचा मात्र वास घ्यावा. तेल पातळ झालेले असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल कोणी जास्त भरलेले नाही. गिरणारेच्या पत्राच्या उत्तरात वर्णन केलेल्या पंपाचा रबरी पडदा फाटला की पेट्रोल ठोक्याच्या नळीतून उलटे क्रॅंककेसमध्ये उतरते आणि तेलाची पातळी आपोआप वाढत जाते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नसेल तरीही रात्रभरात पेट्रोल झिरपून हेच होते. अशा तेलावर इंजिन पाच मिनिटेही चालवू नये, कारण बेअरिंगला वंगणच मिळत नाही. ठोक्याची नळी काढून तिच्या आत पेट्रोलचा ओलावा आहे का ते पाहावे. असेल तर पंप बदलावा, नसेल तर कार्बोरेटरची सुई आणि तिची बैठक. तेल दोन्ही परिस्थितींत बदलावे लागेल, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पट्टीचा वास पुन्हा घ्यावा.